ब्रेकवरून पाय काढायला उशीर: दक्षिण कोरियाची गोष्ट

आज दक्षिण कोरिया. सॅमसंग, ह्युंदाई वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ.

१९६० च्या आसपास तिथे एका बाईला सरासरी सहा मुलं व्हायची. देश गरीब, युद्धातून नुकताच उठलेला. १९६२ मध्ये पार्क चुंग-हींच्या सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं, तेही जोरदार. पुढे पुढे तर नसबंदी केली की सरकारी फ्लॅटच्या वाटपात नंबर आधी!

१९८३ मध्ये हा आकडा २.१ च्या खाली आला. लोकसंख्या टिकायला साधारण तेवढा लागतोच. म्हणजे काम फत्ते. मग सरकार थांबलं? छे! जन्मदर घटवायचं धोरण बदललं थेट १९९६ मध्ये. १३ वर्षं! आमच्या आयटीच्या भाषेत, अलर्ट वाजत होता आणि डॅशबोर्ड कुणी उघडतच नव्हतं. २०२३ मध्ये आकडा ०.७२. आता मुलं व्हावीत म्हणून सरकार पैसे देतंय, पण महागडी घरं, क्लासच्या फिया आणि ऑफिसचे लांबलचक तास यांपुढे ते पैसे किती पुरणार?

मला जास्त खुपतं ते म्हाताऱ्यांचं. राष्ट्रीय पेन्शन योजना आली १९८८ मध्ये. ज्यांनी कारखाने उभे केले, त्यांची कमाईची बरीच वर्षं तोवर सरली होती. पैसा मुलांच्या शिक्षणात घातला, मुलं सांभाळतील या हिशोबाने. आज ६५ च्या पुढच्या दहांतले जवळपास चार जण गरिबीत आहेत. सोलच्या रस्त्यांवर आजी-आजोबा हातगाडीवर पुठ्ठे गोळा करतात आणि किलोवर विकतात.