बॉर्डर कॉली : ‘जगातला सर्वांत हुशार कुत्रा’ घरी आणण्याआधी हे माहीत असू द्या

रील्स पाहताना एखादा काळा-पांढरा कुत्रा हमखास दिसतो. मालकाने नाव घेतलं की ढिगातून नेमकं तेच खेळणं उचलून आणतो, हवेत उडी मारून फ्रिस्बी झेलतो. खाली कमेंट्समध्ये ठरलेला प्रश्न असतो, "हा कुत्रा कुठे मिळेल?" बऱ्याचदा तो कुत्रा बॉर्डर कॉली असतो.

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा असतो, कुत्रा मात्र १२ ते १५ वर्षं जगतो. त्या वर्षांमध्ये त्याला काय लागतं आणि ते मिळालं नाही तर काय होतं, हे आधी समजून घेतलेलं बरं.

ही जात आली कुठून?

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ कुरणांमध्ये ही जात घडली. नावातला ‘बॉर्डर’ तिथलाच. उंच-सखल डोंगरांवर मैलोन्‌मैल पसरलेल्या मेंढ्या एका माणसाने गोळा करणं अशक्य, म्हणून मेंढपाळांनी या कामासाठी कुत्रे तयार केले.

१८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. आजच्या जवळपास सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याआधी १८७३ मध्ये वेल्समधल्या बाला इथे मेंढ्या हाकण्याची स्पर्धा भरली होती आणि १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली.

या सगळ्यात कुत्रा कसा दिसतो याला फारसं महत्त्व नव्हतं. तो काम कसा करतो, यावरच पुढच्या पिढ्यांची निवड झाली. त्यामुळे कामाची ओढ या कुत्र्याच्या रक्तातच आहे. फ्लॅटमध्ये राहायला आला म्हणून ती जात नाही.

डोळ्यांनी मेंढ्या हाकणारा कुत्रा

बॉर्डर कॉली मेंढ्यांवर फारसा भुंकत नाही. मान खाली घालून, अंग जमिनीलगत ठेवून तो त्यांच्याकडे एकटक पाहतो आणि त्या नजरेच्या धाकाने कळप हलतो. शिकारी प्राणी सावजावर जसा दबा धरतो, तसाच हा प्रकार. दबा धरणं, वळसा घालणं, पाठलाग करणं हे सगळं शाबूत ठेवून मारण्याची वृत्ती मागे पडेल, अशी निवड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केली.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रात धनगरांच्या कळपासोबत दिसणारा कुत्रा मुख्यतः राखणदार असतो. लांडगा आला तर भुंकायचं, अंगावर जायचं, ही त्याची जबाबदारी. बॉर्डर कॉली राखण करत नाही, तो कळप वळवतो. शिट्टीच्या एका सुरावर डावीकडून, दुसऱ्या सुरावर उजवीकडून वळसा घालतो. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर त्याचं लक्ष असतं.

घरात आल्यावर अडचण कुठे येते?

मेंढ्या नसल्या तरी वळवायची ओढ राहतेच. मग धावणारी मुलं, सायकली, स्कूटर, रिक्षा या त्याच्या ‘मेंढ्या’ होतात. काही कुत्रे मुलांच्या टाचांना हलकेच चावतात, कारण हट्टी मेंढीला हलवण्याची तीच रीत असते. हा रागीटपणा नसला तरी लहान मूल घाबरतं, पडतं. पाठलाग करता करता कुत्रा गाडीखाली येण्याचा धोकाही असतोच.

कामच मिळालं नाही तर तो स्वतः काम शोधतो. सोफा फाडणं, दार ओरखडणं, तासन्‌तास भुंकणं, स्वतःच्या शेपटीमागे फिरणं. काही कुत्र्यांना सावली किंवा भिंतीवरच्या उजेडाच्या ठिपक्यामागे धावण्याचं वेडच लागतं. म्हणूनच लेझरच्या दिव्याने या जातीला खेळवू नये. ठिपका कधीच हाती लागत नाही आणि कुत्रा बेचैन होत जातो.

हा त्रास पिल्लू वयात येताना, म्हणजे साधारण ८ महिने ते दीड वर्षाच्या काळात सर्वांत जास्त जाणवतो. "आता सांभाळणं होत नाही" ही वेळही अनेक घरांत तेव्हाच येते. त्यात कुत्र्याचा दोष नसतो, पण घर मात्र त्यालाच सोडावं लागतं.

हुशारी म्हणजे सोय नव्हे

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी १९९४ मध्ये आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवरून जातींची क्रमवारी लावली. त्यात बॉर्डर कॉली पहिला आला. अमेरिकेतल्या ‘चेसर’ या बॉर्डर कॉलीला प्राध्यापक जॉन पिली यांनी १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. त्यावरचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण चेसरच्या मागे रोजच्या कित्येक तासांची मेहनत होती. हुशार कुत्रा नको त्या गोष्टीही तितक्याच पटकन शिकतो. भुंकल्यावर बिस्किट मिळतं हे त्याला दोन-तीन वेळांतच कळतं.

रोज काय लागतं?

* व्यायाम : प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी दीड-दोन तास. त्यात मोकळं धावणं हवं, वास घेत निवांत फिरणंही हवं. पिल्लाला मात्र लांब पळवू नका, जिने आणि उंच उड्या टाळा. त्याची हाडं-सांधे अजून तयार होत असतात.
* डोक्याला काम : जेवण वाटीत देण्याऐवजी घरभर लपवून शोधायला लावा. खेळण्यांची नावं शिकवा, लपाछपी खेळा. १०-१५ मिनिटांचं शिकवणं दिवसातून दोन-तीनदा पुरतं.
* विश्रांतीची सवय : इथेच बरेच जण चुकतात. कुत्रा दमत नाही म्हणून तासभर चेंडू फेकत राहिलं तर तो दमण्याऐवजी आणखी तरतरीत होतो, उद्या त्याला त्याहून जास्त लागतं. सतरंजीवर शांत बसला की शाबासकी द्या. काही न करणं हेसुद्धा त्याला शिकवावं लागतं.
* सोबत : दिवसभर घराला कुलूप असेल तर ही जात नको.

आपल्याकडचा उन्हाळा

याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर्षभर केस गळतात. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावं, पण उन्हाळा आला म्हणून भादरू नये. केस त्वचेचं उन्हापासून रक्षण करतात.

खरा धोका असा, की खेळात रमलेला बॉर्डर कॉली थकला तरी थांबत नाही. फिरणं सूर्योदयाच्या आसपास आणि अंधार पडल्यावर ठेवा. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा. सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील.

जोरजोरात धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं आहेत. लगेच सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि पशुवैद्यकाकडे निघा.

आजार आणि औषधं

खुब्याच्या सांध्याचा विकार, अपस्मार आणि डोळ्यांचे काही आनुवंशिक दोष या जातीत आढळतात. पिल्लू घेताना आई-वडिलांच्या तपासण्या झाल्यात का, हे विचारा.

कॉली गटातल्या काही कुत्र्यांच्या एका जनुकात दोष असतो. त्यांना आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त मात्रेत दिल्यास मेंदूवर घातक परिणाम होतो. बॉर्डर कॉलीत हे प्रमाण कमी असलं, तरी जंत-गोचिडांचं औषध कुणाच्या सांगण्यावरून परस्पर देऊ नये. दाट केसांत गोचिडी लपतात आणि त्यांच्यापासून होणारा ताप जिवावर बेतू शकतो, म्हणून रोज हात फिरवून पाहावं. रेबीजसह सगळ्या लसी वेळेवर द्याव्यात.

घेण्याआधी स्वतःला विचारा

पुढची बारा वर्षं, पावसातही, रोज दोन तास बाहेर जाणं जमेल का? घरात एकट्याची हौस आहे की सगळ्यांची तयारी आहे? गावाला जाताना त्याला कोण सांभाळेल?

उत्तरं पक्की असतील तर भारतातल्या नियमांनुसार ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, हे लक्षात ठेवा आणि पिल्लाची आई पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. आधीच्या घराने सोडलेला मोठा कुत्रा दत्तक घेणं हाही चांगला मार्ग आहे, कारण त्याचा स्वभाव आधीच कळतो.

आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर शांत स्वभावाचा एखादा देशी कुत्रा त्या घरात जास्त सुखाने राहील. बॉर्डर कॉली रील्समध्ये पाहूनही आवडू शकतोच.