‘बीगल’वरची बावीस घड्याळं

कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यानं ‘बीगल’चा प्रवासवृत्तान्त १८३९ साली प्रसिद्ध केला. त्याच्या परिशिष्टात जहाजावरच्या घड्याळांचा हिशेब आहे. वृत्तान्तापेक्षा हे रूक्ष परिशिष्टच मला अधिक मोलाचं वाटतं.

रेखांश काढण्यासाठी वापरायची ही अचूक घड्याळं, म्हणजे क्रोनोमीटर, एकूण २२ होते. ११ सरकारी, ६ फिट्झरॉयचे स्वतःचे, ४ कारागिरांनी दिलेले आणि एक लॉर्ड अ‍ॅशबर्नहॅमकडून आलेला. घड्याळ ४ सेकंद चुकलं की रेखांश एका मिनिटानं चुकतो, म्हणजे विषुववृत्तापाशी सुमारे एक सागरी मैल. दोन घड्याळांत फरक पडला तर खोटं कोणतं ते ठरत नाही, निवाड्याला आणखी साक्षीदार लागतात. म्हणून एवढा ताफा.

ही घड्याळं कशी ठेवली होती तेही नोंदलेलं आहे. एका लहान केबिनमध्ये रुंद फळ्या, फळ्यांवर भुसा, भुशात घड्याळांच्या पेट्या. किल्ली देणं आणि वेळा ताडून पाहणं एवढ्यापुरतंच कुणी आत जाई. किल्ली रोज सकाळी ९ वाजता, ताळा दुपारी. या देखभालीसाठी जॉर्ज स्टेबिंग हा कारागीर फिट्झरॉयनं पदरमोड करून नेला होता. तोफा उडाल्या, नांगराची साखळी सुटली, तर हादरा घड्याळांपर्यंत पोचतो का? घड्याळांच्या काचांवर पूड भुरभुरवून ती भिंगातून बघितली जाई. पूड हलत नसे. चाल बिघडण्याचं मुख्य कारण जहाजाचं डोलणं नसून तापमानातला बदल आहे, असं फिट्झरॉयनं नोंदवून ठेवलं.

या शिस्तीची कसोटी १८३२ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर लागली. बाहिया ते रिओ हे रेखांशांतर फ्रेंच दर्यासारंग रुसँच्या मोजणीहून सुमारे ४ मैलांनी वेगळं आलं. वेळेत मांडलं तर जेमतेम १६ सेकंद. रुसँचं नाव मोठं होतं, त्याचाच आकडा स्वीकारून पुढं जाता आलं असतं. फिट्झरॉयनं जहाज बाहियाला परत नेलं आणि अंतर पुन्हा मोजलं. त्याचाच आकडा कायम राहिला. याच फेरीच्या नोंदींत तापानं गेलेल्या तिघांचे मृत्यू आहेत. ताप रिओजवळच्या मकाकू नदीवरच्या सहलीत लागला होता, त्यामुळे ते मृत्यू या फेरीच्या माथी मारता येत नाहीत. पण त्या ४ मैलांबद्दल वाचताना त्यांना वगळून पुढं जाणं मला जमत नाही.

२७ डिसेंबर १८३१ ला निघालेलं ‘बीगल’ २ ऑक्टोबर १८३६ रोजी फाल्मथला पोचलं, तेव्हा २२ पैकी ११ घड्याळं कामाची उरली होती. तरी मोजणीची साखळी तुटली नाही. बंदरात पोचल्यावर आणि तिथून निघण्याआधी सूर्याच्या वेधांवरून प्रत्येक घड्याळाची चाल नव्यानं ठरवली जाई, ते रोज किती सेकंद पुढं किंवा मागं पडतं हे नोंदलं जाई. त्यामुळे बिघडलेलं घड्याळ बाजूला काढता येई, आणि बाकीच्यांचा हिशेब चालू राही.

पृथ्वीप्रदक्षिणेची सगळी रेखांशांतरं जोडली की बेरीज बरोबर २४ तास यायला हवी. ती ३३ सेकंदांनी जास्त आली. एवढी तफावत वाटेतल्या टप्प्यांवर थोडी थोडी वाटून टाकणं अवघड नव्हतं. फिट्झरॉयनं तसं केलं नाही. ३३ सेकंद त्यानं जसेच्या तसे छापले.