येलदरीचा शिरस्ता

परभणी जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य निजामी अमलातील तालुकदारांची दप्तरे चाळतो, गोदावरीच्या खोऱ्यातून गेलेल्या लोहमार्गाची हकीकत सांगतो, कापसाच्या पेठांची आणि मुक्तिसंग्रामाची नोंद घेतो. परंतु जिंतूर तालुक्यात पूर्णेच्या काठी जो एक नवा व्यवसाय स्वातंत्र्योत्तर काळात रुजला, आणि ज्याने या जिल्ह्याला क्रमाची व जबाबदारीची एक वेगळीच शिस्त घालून दिली, त्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. हा व्यवसाय म्हणजे येलदरीच्या विद्युतगृहातील यंत्रचालकाचा.

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेवर या भागात दोन धरणे बांधली गेली : वरचे येलदरीचे आणि खालचे सिद्धेश्वरचे. येलदरीचे धरण १९६८ मध्ये पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, आणि पायथ्याशी प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅट. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि त्याचे विद्युत मंडळ स्थापन झाले, आणि मोटेच्या व तेलइंजिनाच्या या मुलखात जलविद्युतीचे हे पहिले मोठे ठाणे उभे राहिले. कोयनेच्या विद्युतगृहाच्या तुलनेत ते लहान खरे. पण यंत्र सुरू करण्याचे शास्त्र लहान-मोठ्या ठाण्यांना सारखेच लागू असते.

ते शास्त्र थोडे जवळून पाहू. कळ दाबली आणि वीज सुरू झाली, असे विद्युतगृहात कधीच होत नाही. प्रथम बेअरिंगांचे वंगण आणि थंडाव्याचे पाणी सुरू आहे याची खातरी करावयाची. मग वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या तेलाचा दाब पुरेसा आहे हे पाहावयाचे. ब्रेक सुटले आहेत, पाण्याचे द्वार उघडले आहे, हे ताडून मगच टर्बाइनभोवतीच्या झापा किंचित उघडावयाच्या. यंत्र फिरू लागते, वेग घेते, आणि तो नियत वेगाच्या जवळ पोहोचल्यावरच जनित्राच्या चुंबकाला प्रवाह द्यावयाचा. दाब चढला की ग्रिडच्या दाबाशी, आवर्तनाशी आणि कलेशी (फेजशी) त्याचा मेळ घालावयाचा. सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश फिरत बाराच्या जागी येऊ लागतो, तो नेमका क्षण साधून ब्रेकर मिटवावयाचा. तो चुकला तर शेकडो मणांच्या फिरत्या लोखंडाला ग्रिड एका हिसक्यात आपल्या तालावर ओढते आणि त्या धक्क्याने दंड, वेटोळी, पाया सारेच हादरते. यांतील कोणतीही पायरी मागची पुढे करता येत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या भरवशावर उभी असते.

अवर्षणाच्या वर्षी धरण भरत नाही, सिंचनासाठी पाणी सुटत नाही, आणि संच महिनोन्‌महिने उभे राहतात. तेव्हा या क्रमाच्याही आधी आणखी एक पायरी येते. वेटोळ्यांत दमटपणा शिरला आहे काय हे मेगर नावाचे रोधमापक लावून तपासावे लागते, आणि शिरला असेल तर ती सुकविल्याखेरीज चुंबकाला प्रवाह देता येत नाही. मराठवाड्यात, जेथे दुष्काळ हा अपवाद नाही, तेथे ही पायरी विसरून चालत नाही.

मात्र माझ्या मते या विद्येचा खरा गाभा चढण्यात नसून उतरण्यात आहे. संच बंद करताना तोच क्रम उलटा फिरतो : प्रथम भार कमी करावयाचा, मग ब्रेकर उघडावयाचा, मग चुंबकाचा प्रवाह तोडावयाचा, झापा मिटावयाच्या, वेग पुरेसा मंदावल्यावर ब्रेक लावावयाचे, आणि सर्वांत पहिल्याने जे सुरू केले ते वंगण व पाणी सर्वांत शेवटी थांबवावयाचे. भार असताना ब्रेकर अकस्मात उघडला, तर ओझे गेलेले यंत्र बेफाम पळू लागते. म्हणून अशा प्रसंगी गव्हर्नरने झापा तत्काळ आवळाव्यात अशी योजना आधीच केलेली असते. आणि बिघाड मध्येच, चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर उद्भवला, तर जेवढ्या पायऱ्या चढलो तेवढ्याच उलट क्रमाने उतरावयाच्या. न चढलेली उतरावयाची नाही, चढलेली सोडावयाची नाही.

बिघाडांचीही प्रतवारी असते. दोष बाहेरच्या तारांवर असेल, तर नुसता ब्रेकर उघडतो आणि संच भाराविना फिरत राहतो, म्हणजे लवकर परत जोडता यावा. बेअरिंग तापले, तर भार उतरवून रीतसर थांबवितात. जनित्राच्या अंगातच दोष आला, तर ब्रेकर, चुंबक आणि पाणी ही तिन्ही एकदम तोडतात. अशा वेळी फलकावरचे एकामागून एक दिवे उजळतात, घंटा वाजत राहते, आणि नवशिक्याचा हात ती थांबविण्याकडे धावतो. अनुभवी चालक मात्र प्रथम कोणता संरक्षक रिले पडला, त्याची कोणती खूण खाली आली, ते वेळेसह लॉगबुकात लिहितो, आणि मगच ती खूण हाताने परत वर करतो; कारण नंतरच्या साऱ्या सूचना पहिल्या दोषाची संतती असतात, आणि मूळ कारण पुसले गेले की चौकशीला आधारच उरत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि तेथील वीज बंद पडून मुंबईपर्यंत अंधार पसरला, त्या प्रसंगाने अशा नोंदींचे मोल महाराष्ट्राच्या साऱ्या विद्युतगृहांना पटावे.

हीच परंपरा आज एका अगदी निराळ्या क्षेत्रात जशीच्या तशी नांदताना दिसते. आपल्यापैकी अनेकांच्या हातातील दूरध्वनीचा पडदा उजळतो तेव्हा लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील ड्रायव्हर नावाची आज्ञावली प्रथम विद्युतपुरवठ्याच्या वाहिन्या ठरलेल्या क्रमाने सुरू करते, काही मिलिसेकंद थांबते, रीसेटची तार सोडते, पडद्याला आरंभीच्या आज्ञा देते, चित्राचा प्रवाह चालू करते, आणि मागचा प्रकाश सर्वांत शेवटी लावते, जेणेकरून अर्धवट चित्र कोणाच्या नजरेस पडू नये. बंद करताना तो प्रकाश प्रथम जातो. मध्येच एखादी आज्ञा निष्फळ ठरली, तर तोवर सुरू केलेले सारे उलट क्रमाने बंद करून मूळ दोषच वर कळवावा, आवराआवरीत उद्भवलेला दुय्यम दोष त्याच्या जागी घालू नये, असा ड्रायव्हर लिहिणाऱ्या कारागिरांचा दंडक आहे. जो लेखक ही परतीची वाट लिहीत नाही, त्याचे काम जाणते परीक्षक परत पाठवितात, आणि ते योग्यच करतात.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि सिद्धेश्वर त्याच्या हद्दीत गेले. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन विद्युतगृहे महानिर्मिती या कंपनीकडे आली. कारभार बदलला, दप्तरे हलली, पण संच चढविण्या-उतरविण्याचा शिरस्ता बदलला नाही. येलदरी कॅम्पात ज्यांनी पाळ्या केल्या त्या वडीलधाऱ्या चालकांजवळ बसून परभणीच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ही विद्या त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावी, आणि जुन्या लॉगबुकांना जिल्ह्याच्या दप्तरखान्यात महसुली कागदांच्या बरोबरीने जागा मिळावी, अशी माझी संबंधितांना आग्रहाची विनंती आहे.