प्रस्तावना : नदीचे पाणी आणि फुप्फुस

२००० साली बोर्निओतल्या सबा राज्यात इको-चॅलेंज ही साहसी स्पर्धा झाली. २६ देशांचे ३०४ स्पर्धक जंगल, गुहा, नद्या पार करून आपापल्या घरी परतले आणि त्यांतले अनेक थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखीने आजारी पडू लागले. तपासकर्त्यांचा ज्यांच्याशी संपर्क झाला त्या १८९ जणांपैकी ८० जणांचा आजार लेप्टोस्पायरोसिसच्या व्याख्येत बसला. माग काढता काढता तपास सेगामा नदीत पोहण्यापर्यंत पोचला. प्रवासवैद्यकाच्या अभ्यासाला सुरुवात करायला याहून चांगले प्रकरण नाही.

लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या व इतर प्राण्यांच्या लघवीतून पाण्याचिखलात येतात आणि खरचटलेल्या त्वचेतून किंवा डोळ्यानाकातून रक्तात शिरतात. १८८६मध्ये आडोल्फ वाइल यांनी वर्णन केलेल्या रूपात कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड ठळक होता, त्यामुळे पुढे वैद्यांची नजर कावीळच शोधत राहिली. १९९५मध्ये निकाराग्वात मात्र काविळीविना ताप आणि फुप्फुसांतला रक्तस्राव दिसला. आधी संशय डेंग्यूवर गेला. दोषी निघाला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच.

फुप्फुसांतल्या या रक्तस्रावात बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपून वायुकोश भरतात. सुरुवातीला नुसता खोकला असतो, थुंकीत रक्ताची एखादी रेघ दिसते. मग काही तासांतच धाप लागते. कधी कधी श्वासनलिकेत नळी घालेपर्यंत रक्त बाहेर दिसतही नाही. इथवर पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात. उलट, वेळीच दिलेली पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी साधी औषधे गुणकारी ठरतात. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अहवालाची वाट न पाहता संशयावरूनच उपचार सुरू करावे लागतात.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना लेप्टो नवा नाही. २००५च्या महापुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ पाहिली. पण आपल्या मनात त्याची गाठ पावसाळ्याशी बांधलेली आहे. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिन्याभरानेही दिसतात. त्यामुळे थायलंडच्या ओढ्यात उतरून आलेला पर्यटक ऐन जानेवारीत, कोरड्या पुण्यात तापाने फणफणतो आणि लेप्टो कुणाच्या मनातही येत नाही. प्रवाशाला तपासताना ऋतू तो जिथून आला तिथला धरायचा, हे प्रवासवैद्यकाचे पहिले सूत्र.

या शाखेत येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. जीवशास्त्र, भूगोल, हवामान, सगळे इथे कामी येते. आणि तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारा : गेल्या महिन्यात कुठे गेला होतात, कुठल्या पाण्यात उतरला होतात?