ताडी, तंबाखू आणि घसा: ठाणे जिल्ह्यातला एक मागोवा

ठाण्याच्या मुलखात दारू जुनी, तंबाखू उपरी. आपण सोळाव्या शतकात गेलो, तर किनाऱ्यालगत ताडी-माडी आणि शहापूर-मुरबाडच्या रानात मोहाची दारू आधीपासून नांदत असलेली दिसते. तंबाखू आणली पोर्तुगीजांनी. 1604 च्या सुमारास अकबराचा दूत असद बेगने ती विजापुराहून बादशहाच्या दरबारी नेली आणि 1617 मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदीही घातली. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणे घेतले, 1739 मध्ये वसई. पोर्तुगीज गेले, तंबाखू राहिली.

इंग्रजांनी दारूकडे पाहिले ते महसुलाच्या नजरेने. 1878 चा आबकारी कायदा झाला आणि 1892 मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. आदिवासींच्या अंगणातली फुले सरकारी वहीत गेली, पण पिणाऱ्याच्या घशाचे काय होते, याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. तिकडे लंडनमध्ये डॉक्टर जॉन हिलने 1761 मध्येच तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकातल्या गाठींविषयी लिहून ठेवले होते. त्याचे म्हणणे फार कोणी मनावर घेतले नाही.

आपल्याकडे खरे वळण मुंबईत परळला आले. 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथले डॉ. वसंत खानोलकर, संघवी आणि राव यांनी 1955 मध्ये दाखवले की तंबाखू चघळणाऱ्यांत कर्करोग तोंडात होतो, तर विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशात. तळहातावर नखाएवढा चुना घालून मळलेली चिमूट गाल आणि हिरडीच्या खाचेत तासन्‌तास बसते, आणि आपल्याकडे तोंडाचा कर्करोग बहुधा तिथूनच सुरू होतो. हा अभ्यास होता तंबाखूपुरता. 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी होती. हातभट्टीची पितो, अशी कबुली रुग्णाने डॉक्टरसमोर तरी कितपत दिली असती? मला वाटते, दारूकडे आपले लक्ष उशिरा गेले त्याला ही लपवाछपवीही कारण झाली असावी.

तंबाखू आणि दारू या दोहोंचा एकत्रित हिशेब 1972 मध्ये अमेरिकेत रॉथमन आणि केलर या संशोधकांनी मांडला. 1988 मध्ये तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात भरपूर ओढणाऱ्या आणि भरपूर पिणाऱ्यांत तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका 35 पटींहून अधिक निघाला. दारूतून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड पेशींतल्या डीएनएला इजा करते, आणि दारूने सैल झालेल्या आतल्या त्वचेतून तंबाखूचे विष सहज आत शिरते. म्हणून इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आज कल्याण-डोंबिवलीत संध्याकाळची लोकल रिकामी झाली की काही पावले टपरीकडे वळतात, काही परमिट रूमकडे, आणि कितीतरी दोन्हीकडे. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे. 2009 पासून तंबाखूच्या पुड्यांवर चित्रे छापली जातात. दारू कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 मध्येच जाहीर केले, तरी बाटलीवरच्या इशाऱ्यात कर्करोगाचे नाव अजून आलेले नाही.