मेणातला गाल

तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट किती वर्षं काढील, हे पहिल्यांदा प्रतवारी लावून सांगितलं ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲल्बर्ट ब्रॉडर्सनी. साल १९२०, कॅन्सर ओठाचा. पेशी आपलं मूळ रूप जितकं सोडतील तितकी ग्रेड वरची आणि तितकं भविष्य वाईट. शंभर वर्षं उलटली, तरी ग्रेड रिपोर्टात आहेच.

मी डॉक्टर नव्हे. हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन म्हणून नोकरी संपवली. पण स्लाइड डॉक्टरांपुढे जाते ती आमच्या हातून, म्हणून हा इतिहास मला, तुकडा ज्यात बसवतात त्या मेणाच्या ब्लॉकच्या बाजूने दिसतो.

१९४१ साली परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. तीनच वर्षांत त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा छापला. पुढे १९५५ मध्ये संघवी आणि राव यांच्यासोबत तंबाखू खाण्या-ओढण्याचा हिशेबही मांडला. आपल्याकडचा रोग मुख्यतः गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतला. तंबाखूचा बार जिथे धरून ठेवतात, नेमकी तीच जागा. मिशरी लावणाऱ्या बायकांच्या गाठींचे तुकडेही मी पुष्कळ कापले. मिशरीला व्यसन म्हणायची आपल्या घरांत पद्धतच नाही.

गाठ जबड्यात शिरलेली असली की हाडासकट तुकडा येतो. हाड मायक्रोटोमवर कापत नाही, पात्याची धार जाते. म्हणून ते ॲसिडमध्ये ठेवायचं, सुई सहज टोचेपर्यंत. मग मेणात बसवून चार मायक्रॉनची रिबन काढायची आणि कोमट पाण्यावर सोडायची. स्लाइड सुरेख होते, पण ॲसिडने डीएनएची मात्र वाट लागते. जीन तपासायचे दिवस आले तेव्हा कळलं, की हाडाच्या ब्लॉकपेक्षा शेजारचा मऊ गालाचा ब्लॉक मोलाचा.

हे दिवस आले २००० नंतर. २००७ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ४२० रुग्णांत दिसलं, की टीपी-५३ हा जीन बिघडलेला असेल तर आयुष्य कमी. २०१३ मध्ये टाटाचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आणि बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी खास आपल्या गाल-हिरडीच्या कॅन्सरची जनुकं वाचली : आधी ५० रुग्ण, पडताळ्याला आणखी ६०. कॅस्प-८, फॅट-१, यूएसपी-९एक्स अशी नावं पुढे आली. बिघाडांनुसार रुग्णांचे गट पडले आणि काही गटांत रोग परतायला जास्त काळ लागत होता. खानोलकरांच्या हजारांच्या तुलनेत आकडा लहान, पण रोग आपला आणि तपासणारेही आपले.

तरी आज गालाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या रिपोर्टात जीनचा रकाना नसतो. घशाच्या कॅन्सरला पी-१६ या प्रथिनाची तपासणी स्टेज ठरवताना धरतात, तोंडाच्या नाही. इथे अजून मिलिमीटरच चालतो. गाठ किती खोल गेली, ५ की १० मिलिमीटरच्या पुढे, हे स्टेजिंगच्या नियमावलीच्या २०१७च्या आठव्या आवृत्तीपासून स्टेजमध्ये आलं. आणि मानेतल्या लसिका ग्रंथी. टाटाच्याच २०१५च्या अभ्यासात, मानेत हाताला काही लागत नसतानाही पहिल्याच ऑपरेशनमध्ये त्या काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. थांबून, तिथे रोग दिसला तरच काढायच्या असं ठरवलेल्यांत ६७.५ टक्के. इतका फरक पाडणारा जीन मी तरी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर कागदांच्या फायलीवर थांबू नका. पुढे दुसरीकडे दाखवायची वेळ आली, तर लॅबकडून ब्लॉकही मागून घ्या आणि नेताना नंबर रिपोर्टाशी ताडून पाहा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. उद्या नवी तपासणी निघाली, तर ती त्याच ब्लॉकवर होईल.