बुडवलेला पाव आणि बर्लिनचा पाऊस : बास्केटबॉलमधील ‘डंक’ची कथा

१/ बर्लिन, १४ ऑगस्ट १९३६. पावसामुळे ध्यानचंद यांच्या संघाचा हॉकीचा अंतिम सामना दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात आला. बास्केटबॉलचा अंतिम सामना मात्र त्याच पावसात, उघड्यावरील मातीच्या मैदानावर झाला. त्या चिखलात जो फोर्टेनबेरी उभा होता. ‘डंक’ हा शब्द बास्केटबॉलला ज्याच्यामुळे मिळाला, तो हाच खेळाडू.

२/ फोर्टेनबेरीचा जन्म १९११ चा, टेक्सासमधला. उंची ६ फूट ८ इंच. एनबीए तेव्हा अस्तित्वातच नव्हती. उत्तम खेळाडूंना कंपन्या नोकरी देत आणि आपल्या संघात खेळवत. कॅन्ससमधील मॅकफर्सन या लहानशा गावातील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या ‘ग्लोब रिफायनर्स’ संघातून तो पुढे आला.

३/ बास्केटची कडी जमिनीपासून १० फुटांवर असते. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हा चेंडू वर फेकावा आणि तो आत पडावा, एवढीच कल्पना होती. फोर्टेनबेरी उडी मारून हात कडीच्याही वर नेई आणि चेंडू वरून खाली सोडी.

४/ बर्लिनच्या काही महिने आधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे आर्थर डेली यांनी हा संघ सराव करताना पाहिला. उपाहारगृहात कॉफीत पाव बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाची उपमा त्यांनी या कृतीला दिली. ‘डंक’ म्हणजे बुडवणे. हा शब्दही पेन्सिल्व्हेनियातील जर्मन वसाहतकऱ्यांच्या बोलीतून इंग्रजीत आलेला!

५/ कौतुकापाठोपाठ धास्तीही आली. ६ फूट ३ इंचांहून उंच खेळाडूंना मज्जाव करण्याचा नियम आंतरराष्ट्रीय महासंघाने केला. अमेरिकेच्या आक्षेपानंतर तो मागे घेतला गेला. नियम टिकता, तर फोर्टेनबेरीला बर्लिनचे मैदान दिसलेच नसते.

६/ अंतिम सामन्यात ओल्या मातीवर चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. अमेरिकेतर्फे सर्वाधिक गुण फोर्टेनबेरीचे होते. ऑलिंपिकमधील हे बास्केटबॉलचे पहिले सुवर्णपदक. आणि हे पाहायला वृद्ध नेस्मिथ स्वतः बर्लिनमध्ये हजर होते.

७/ धास्ती तेथे संपली नाही. १९६७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धांत डंकवरच बंदी आली. तेव्हा यूसीएलएचा ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार, प्रतिस्पर्ध्यांना आवरत नव्हता. या बंदीमागे वर्णद्वेष असल्याचे त्याने उघडपणे म्हटले. ती उठायला १९७६ उजाडले.

८/ त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये एबीए लीगने डंकची स्पर्धाच भरवली. ज्युलियस अर्व्हिंगने फ्री-थ्रो रेषेपासून झेप घेतली आणि स्पर्धा जिंकली. १९८४ पासून एनबीएच्या ऑल-स्टार सोहळ्यातही अशी स्पर्धा होऊ लागली. जी कृती नियमाने खोडून काढायची होती, तीच आता लोक तिकीट काढून पाहू लागले.

९/ आता आपल्याकडे वळू. रिसोड ज्या अमरावती विभागात येते, त्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ च्या त्याच ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डी आणि इतर भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, बास्केटबॉलला पदक होते आणि कबड्डीला टाळ्या.

१०/ दोहोंमधला फरक कौशल्याचा नव्हता. बास्केटबॉलमागे जगभर पसरलेली वायएमसीए आणि १९३२ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय महासंघ होता. कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा मान मिळण्यासाठी १९९० च्या बीजिंगची वाट पाहावी लागली. ऑलिंपिक पदकाची वाट अजून संपलेली नाही.

११/ फोर्टेनबेरीची उडी आज आपल्याला ठाऊक आहे, कारण सरावाच्या वेळी कडेला उभ्या असलेल्या एका वार्ताहराने ती लिहून ठेवली. बर्लिनला गेलेल्या वऱ्हाडातील खेळाडूंची छायाचित्रे, पत्रे, आठवणी कुणाच्या घरी पेटीत पडून असतील, तर त्या आजच लिहून काढा. त्यांचा वार्ताहर आपल्यालाच व्हावे लागेल.